आधी बाजार, मग बेत: उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मित्रमंडळींना जेवायला बोलावताना

घरी कुणी जेवायला येणार म्हटलं की बहुतेक जण आधी पदार्थ ठरवतात आणि मग यादी घेऊन बाजारात जातात. उन्हाळ्यात मी याच्या उलट करायला सांगते. आधी बाजारात जा, काय भरात आहे ते पाहा आणि मग बेत ठरवा. या दिवसांत टोमॅटो, काकडी, वांगी, मका, कलिंगड, खरबूज, पीच असं सगळं एकाच वेळी येतं आणि हंगामातलं असल्यामुळे त्याला अंगचीच चव असते. चांगल्या टोमॅटोला मीठ, तेल आणि जरासा आंबटपणा पुरतो. बेचव टोमॅटोवर मात्र कितीही मेहनत घ्या, तो जेवणाला काही देत नाही.

दुसरा आग्रह शेगडीबद्दलचा. पाहुणे आल्यावर आचेवर एकच पदार्थ असावा. बाकी सगळं सकाळच्या गारव्यात उरकलेलं हवं. यजमान स्वयंपाकघरात घामाघूम होऊन राबतोय हे दिसलं की बाहेर बसलेल्यांनाही अवघडल्यासारखं होतं, आणि ज्यांच्याशी बोलायला म्हणून बोलावलं त्यांच्याशी बोलणं राहूनच जातं. खाली दिलेली सगळी आखणी याच दोन गोष्टींसाठी आहे.

निरोप

सहा ते आठ जण ही संख्या मला सगळ्यात सोयीची वाटते. तेवढ्यांत सगळ्यांच्या मिळून एकाच गप्पा रंगतात. दहाच्या वर गेलं की दोन-तीन गट पडतात आणि घरची भांडी, फ्रिजमधली जागा, बर्फ सगळंच अपुरं पडायला लागतं.

चार-पाच दिवस आधी कळवा आणि तेव्हाच विचारा की कशाची ॲलर्जी आहे आणि काय खात नाही. ‘काही चालत नाही का?’ असं मोघम विचारलं तर लोक संकोचाने ‘सगळं चालतं’ म्हणतात. शेंगदाणे, सुकामेवा, तीळ, दूध, गहू, अंडी अशी नावं घेऊन विचारलं की नीट उत्तर मिळतं. वेळ सूर्यास्ताच्या आसपासची द्या. ऊन उतरलेलं असतं आणि लोकांना खरी भूक त्यानंतरच लागते.

बाजारात

जेवणाच्या आदल्या दिवशी सकाळी जा. लवकर गेलं की माल उन्हात तापलेला नसतो आणि निवडायलाही मिळतो. सोबत पदार्थांची यादी नको, पण मनात एक साचा असू द्या: पोटभरीचं गार काहीतरी, कच्च्या भाज्यांचे दोन पदार्थ, एक भाजलेलं, एक दह्याचं, सोबत ब्रेड आणि शेवटी फळ. यातल्या कुठल्या जागी काय बसवायचं ते समोरच्या ढिगाकडे बघून ठरवायचं.

टोमॅटो हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. मग तो देठाच्या बाजूने नाकाशी धरा. तिथे हिरव्या पानांचा, किंचित उग्र असा वास येतो. तो वास नसेल तर रंग कितीही लालबुंद असो, चवीचा भरवसा नाही. थोडे कमी पिकलेले मिळाले तरी चालतील, ते बाहेर ठेवले की पिकतात. फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिलं की 5 अंशांवर आठवडाभर ठेवलेल्या टोमॅटोमध्ये वास निर्माण करणाऱ्या जनुकांचं काम मंदावतं, आणि नंतर बाहेर काढून ठेवले तरी गेलेला स्वाद पुरता परत येत नाही. पूर्ण पिकलेला टोमॅटो आता नासेल अशी वेळ आली तर एखादा दिवस फ्रिज परवडतो, एरवी ओट्यावरची सावली बरी.

काकडी टणक आणि दोन्ही टोकांना घट्ट असावी. मधे फुगलेली, पिवळी पडलेली काकडी बियांनी भरलेली निघते. वांगं तुकतुकीत असावं, देठ हिरवा असावा आणि बोटाने दाबल्यावर जागा परत वर यावी. एकाच आकाराच्या दोन वांग्यांत हलकं वांगं भाजायला चांगलं, जड असलं तर आत बी जून झालेलं असण्याची शक्यता जास्त. फरसबीची शेंग मोडली की ‘कट्’ असा आवाज यायला हवा.

मक्याचं कणीस सोलून बघायची सवय अनेकांना असते, पण सोललेले दाणे लगेच सुकायला लागतात. वरच्या हिरव्या पानांवरूनच टोकाशी दाबून पाहा, दाणे शेवटपर्यंत भरलेले आहेत का ते बोटांना कळतं. कणीस तोडल्याक्षणापासून त्यातल्या साखरेचं पिठूळ पदार्थात रूपांतर व्हायला लागतं आणि उष्णतेत ते झपाट्याने होतं. म्हणून मका शेवटी घ्या, घरी आल्यावर पानांसकट फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी संपवा. हल्लीच्या जास्त गोड जातींमध्ये साखर थोडी जास्त टिकते, तरी ताज्या कणसाची गोष्टच वेगळी.

फळांच्या बाबतीत एक भेद पक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे. आंबा, पीच, अलूबुखार, केळं ही फळं तोडल्यावरही पिकतात. त्यामुळे ती थोडी कच्ची घेऊन घरी पिकवता येतात. कलिंगड, द्राक्षं, चेरी, स्ट्रॉबेरी, लिंबूवर्गातली फळं तोडल्यावर आणखी गोड होत नाहीत. ती जशी घ्याल तशीच खावी लागतात, तेव्हा तिथे घाई करू नका. कलिंगडाला जमिनीवर टेकलेल्या बाजूला एक डाग असतो. तो लोण्यासारखा पिवळा असेल तर फळ वेलीवर पुरेसं राहिलेलं आहे, पांढरट किंवा हिरवट असेल तर लवकर तोडलंय. खरबुजाला देठाच्या जागी गोड वास यायला हवा आणि तिथे दाबल्यावर किंचित मऊ लागायला हवं.

आठ जणांसाठी साधारण अंदाज असा: टोमॅटो सव्वा किलो, काकड्या एक किलो, वांगी आणि सिमला मिरच्या मिळून दोन किलो, फरसबी अर्धा किलो, आठ कणसं, एक किलो दही, सुके काबुली चणे 400 ग्रॅम, तीन-चार किलोचं एक कलिंगड किंवा दोन खरबुजं, दहा लिंबं आणि पुदिना, बेझिल, कोथिंबीर यांपैकी जे ताजं दिसेल त्याच्या दोन मोठ्या जुड्या. या पाल्यात हात आखडू नका. उन्हाळ्यातल्या गार पदार्थांना मसाल्यापेक्षा ताजा पाला जास्त उठाव देतो.

पुदिना आणि कोथिंबीर घरी आणल्यावर देठ पाण्यात बुडतील अशा ग्लासात उभे करून, वरून पिशवी झाकून फ्रिजमध्ये ठेवा. बेझिल तसाच पाण्यात उभा करायचा, पण बाहेर. थंडीने त्याची पानं काळी पडतात.

आदल्या रात्री

चणे भरपूर पाण्यात भिजत घाला आणि लिटरमागे एक मोठा चमचा मीठ त्याच पाण्यात टाका. मिठाच्या पाण्यात भिजलेल्या चण्याची साल मऊ शिजते आणि चव आतपर्यंत जाते. दही स्वच्छ पातळ कापडात बांधून चाळणीत ठेवा, खाली भांडं ठेवा आणि ते फ्रिजमध्ये सरकवा. सकाळपर्यंत पाणी निथळून घट्ट गोळा तयार होतो. बर्फ दोन दिवस आधीपासून करून पिशवीत साठवत जा. माणशी अर्धा किलो लागतो असं धरून चाला. हा आकडा ऐकायला फार वाटतो, पण पेयं, पाण्याचा जग आणि वाढताना दह्याच्या वाटीखाली ठेवायची परात मिळून तेवढा सहज संपतो.

सकाळी

भाज्या धुताना साबण वापरू नका, वाहतं पाणी पुरतं. कलिंगड-खरबुजाची सालही धुवायची, विशेषतः जाळीदार खरबूज ब्रशने घासून. सुरी सालीतून आत जाते तेव्हा बाहेरची घाण गरात नेते. पाला मोठ्या पातेल्यात बुडवून वर उचलून घ्या. पाणी ओतून टाकायला गेलात तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. मग तो कापडात गुंडाळून अगदी कोरडा करा. ओल्या पानांवर तेल-लिंबाचं मिश्रण धरत नाही, सगळं तळाशी जाऊन बसतं.

चणे शिजवून घ्या. दोन बोटांत धरल्यावर सहज चेपले पाहिजेत. निथळून गरम असतानाच त्यांत तेल, लिंबाचा रस, मीठ आणि बारीक चिरलेला कांदा घाला. गरम दाणा हे सगळं शोषून घेतो, गार झाल्यावर घातलं तर चव वरवरच राहते. कांदा चिरून दहा मिनिटं थंड पाण्यात ठेवून मग पिळून घातला तर त्याचा उग्रपणा जातो. हा झाला पोटभरीचा पदार्थ. गार झाला की फ्रिजमध्ये ठेवा, दुपारपर्यंत मुरून तो आणखी चांगला लागतो.

याच वेळी वांगी आणि सिमला मिरच्या भाजून ठेवा. सकाळी स्वयंपाकघर त्यातल्या त्यात गार असतं. वांग्याला आधी दोन-चार ठिकाणी टोचून घ्या आणि ते पूर्ण कोसळेपर्यंत भाजा. बाहेरून काळं आणि आतून घट्ट राहिलेलं वांगं कडवट, चामट लागतं. सोलून अर्धा तास चाळणीत ठेवलं की पाणी निघून जातं आणि गर दाट राहतो. मिरच्या चहूबाजूंनी काळ्या झाल्या की भांड्यात घालून झाका. पंधरा मिनिटांनी साल हाताने सुटते. सोलताना नळाखाली धरू नका, भाजल्याचा सगळा स्वाद पाण्याबरोबर जातो. दोन्हींचे तुकडे करून तेल-मीठ लावून झाकून फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे भाजलेल्या पदार्थाचंही काम झालं.

फरसबी खळखळत्या, चांगल्या खारट पाण्यात तीन-चार मिनिटं शिजवून थेट बर्फाच्या पाण्यात टाका. हिरवीगार राहते. तिला लिंबू किंवा व्हिनेगर मात्र वाढायच्या क्षणीच लावायचं, आंबटामुळे थोड्याच वेळात तिचा रंग मातकट होतो.

सरबतासाठी साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन गरम करून पाक करून ठेवा. थंड पाण्यात साखर लवकर विरघळत नाही आणि ऐन गर्दीत चमचा ढवळत बसावं लागतं. पाक गॅसवरून उतरवल्यावर त्यात मूठभर पुदिन्याची पानं टाकून झाका आणि अर्ध्या तासाने गाळा.

संध्याकाळ, टप्प्याटप्प्याने

तीन तास आधी फळ कापून, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. दह्याच्या गोळ्यात मीठ, किसलेली काकडी आणि पुदिना मिसळा. काकडी आधी किसून, मीठ लावून वीस मिनिटांनी घट्ट पिळून घ्यायची. काकडीत 95 टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. ते आधी काढलं नाही तर ताटात येईपर्यंत दही पातळ होतं. मिठाची चव पदार्थ गार झाल्यावरच पाहा. थंड पदार्थाची चव जिभेला फिकी लागते, म्हणून कोमट असताना बरोबर वाटलेलं मीठ गार झाल्यावर कमी पडतं. साखरेचंही तसंच.

एक तास आधी टोमॅटो घ्या. माझ्या मते अख्ख्या जेवणाचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. टोमॅटोचे एकसारखे काप करू नका. देठाचा कठीण भाग काढून मोठ्या, वेड्यावाकड्या फोडी करा, काही छोट्या, काही तोंडभर. त्या पसरट भांड्यात घालून सव्वा किलोला दोन छोटे चमचे मीठ भुरभुरवा आणि हाताने एकदाच वरखाली करा. पाचेक मिनिटांत फोडींच्या कडा चमकायला लागतात, पंधरा-वीस मिनिटांत तळाशी गुलाबी रस जमतो. तो ओतून देऊ नका. दुसऱ्या वाटीत एक लसणीची पाकळी बारीक ठेचून दोन मोठे चमचे लिंबाच्या रसात दहा मिनिटं भिजवा. आंबटामुळे कच्च्या लसणीचा झणका कमी होतो आणि सुगंध उरतो. मग टोमॅटोचा जमलेला रस या वाटीत काढून घ्या, त्यात चार मोठे चमचे ऑलिव्हचं किंवा घरातलं कुठलंही चांगल्या वासाचं तेल घालून चमच्याने घुसळा. दाटसर, किंचित धुरकट रंगाचं मिश्रण होईल. ते परत फोडींवर ओता. पाला वाढताना हाताने तोडून घाला. सुरीने आधीच चिरून ठेवलेला बेझिल काळा पडतो. हे भांडं फ्रिजमध्ये न ठेवता बाहेरच झाकून ठेवा आणि तासाभरात वाढा. तळाचा रस ब्रेडने पुसून खाण्यासारखा असतो, तेव्हा ब्रेड भरपूर आणा.

एरवीच्या सॅलडला एक भाग आंबट आणि तीन भाग तेल हे प्रमाण सांगतात. उन्हाळ्यात मी एकाला दोन धरते. जड जेवण कुणालाच नको असतं.

पाहुणे आले की पहिल्या दहा मिनिटांत त्यांच्या हातात गार पेय आणि तोंडात टाकायला काहीतरी हवं. उरलेल्या काकड्यांचे लांब काप आणि वाटीभर दही पुरेसं आहे. मदत करू का असं कुणी विचारलं तर ‘नको, बसा’ म्हणू नका. मका सोलायला द्या, पाला निवडायला द्या, पाण्याचा जग भरायला सांगा. हाताला काम मिळालं की नवख्या माणसाचाही संकोच जातो आणि दोन अनोळखी माणसं एकत्र कणसं सोलताना आपोआप बोलायला लागतात.

आचेवरचा तो एकच पदार्थ म्हणजे मका. निखाऱ्यावर, तव्यावर किंवा ग्रिलवर सात-आठ मिनिटं फिरवत भाजा, वर लोणी किंवा तेल, मीठ, लिंबू आणि थोडं तिखट. सगळे बसल्यावरच भाजायला घ्या. गार झालेल्या कणसात मजा नाही.

बसायची जागा

बाहेर बसणार असाल तर एक टेबलफॅन मागवून ठेवा. डास उडण्यात कमजोर असतात, वाऱ्याच्या झोतात त्यांना टिकता येत नाही. शिवाय घामही सुकतो. दिवे पांढरे न लावता पिवळ्या उजेडाचे लावा, त्यांच्याकडे कीटक कमी येतात. पदार्थ एका बाजूच्या टेबलावर मांडा आणि ज्याने त्याने वाढून घ्यावं. ताटल्या एकसारख्या नसल्या तरी काही बिघडत नाही. पाण्याचे जग मात्र बसायच्या जागी, हाताशी ठेवा.

उष्णता आणि अन्न

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका. 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या नियमानुसार हवा 32 अंशांच्या वर असेल तर ही मर्यादा एक तासावर येते. उन्हाळ्यात हे सहज घडतं. म्हणून दही, कापलेलं फळ, अंडी-मांसाचं काही असेल तर ते छोट्या भांड्यांत थोडं थोडं बाहेर आणा आणि बाकीचं फ्रिजमध्ये राहू द्या. दह्याची वाटी बर्फ भरलेल्या परातीत ठेवली की तासभर निश्चिंत. भात करणार असाल तर विशेष जपा. त्यातले काही जिवाणू शिजवूनही बीजाणूंच्या रूपात टिकतात आणि भात कोमट राहिला की वाढतात. पसरट ताटात पसरून लवकर गार करा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. कच्चं मांस चिरलेली फळी आणि सुरी सॅलडच्या जवळपासही नको.

गोड आणि उरलेलं

गोडासाठी वेगळा पदार्थ करायची गरज नाही. गार कलिंगडावर लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ, किंवा पीचच्या फोडींवर दोन चमचे साखर घालून अर्धा तास ठेवलं की स्वतःचाच पाक तयार होतो. सोबत थोडं घट्ट दही. जेवण संपल्यावर लगेच न आणता मधे अर्धा तास जाऊ द्या. उन्हाळ्यातल्या रात्री गप्पांना घाई नसते, आणि गार फळ पुन्हा सगळ्यांना टेबलाभोवती आणतं.

पाहुणे निघायच्या आत, त्यांच्याशी बोलता बोलताच उरलेलं भरून टाका. फ्रिजमधून बाहेर न आलेलं फळ आणि चणे झाकून दोन-तीन दिवस टिकतात. तासन्तास बाहेर राहिलेलं दही आणि कापलेलं फळ वाईट वाटलं तरी टाकून द्या. मीठ लावलेले टोमॅटो वेळेत फ्रिजमध्ये गेले असतील तर दुसऱ्या दिवशी त्यांत उरलेल्या काकडीचे तुकडे, शिळ्या ब्रेडचा एक जाड काप आणि चमचाभर व्हिनेगर घालून मिक्सरमधून काढा. दुपारच्या जेवणाला गार सूप तयार होतं. वाटीत ओतण्याआधी मीठ पुन्हा एकदा चाखून घ्या, ब्रेडमुळे ते जरा कमी लागतं.